लाल चिंधीचा दोर

अन्याय झाला तो कोंडाबाईवर. शेलूबाजारच्या किसन हमालाची ही बायको. कधी झाला तेही सांगतो: गेल्या कापसाच्या हंगामात, भोगीच्या दिवशी, ऐन दुपारी, रस्त्यालगतच्या एका जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकासमोर. जिनाचं नाव इथे घालत नाही. मागे एका पत्रकात घातलं होतं, तर छापखानेवाल्याने पुढचं पत्रक हातात धरायलाच नकार दिला. ज्यांना कळायचं त्यांना नावाशिवाय कळेल.

कोंडाबाई माझी मामी. किसन माझ्या आईचा धाकटा भाऊ. मी इंझोरीचा, पण सातवीनंतर मामाच्या घरी येऊन राहिलो, आणि आता हमालांच्या संघटनेची पत्रकं लिहितो, छापून आणतो, खळ लावून भिंतींवर चिकटवतो. पत्रकाला चार ओळी पुरतात. कोणाचं काय गेलं, कधी गेलं, कोणामुळे गेलं आणि आम्हाला काय पाहिजे. भोगीच्या प्रकारावरही मी अशा चार ओळी लिहिल्या होत्या. पावसाळ्यात त्या भिंतीवरून धुऊन गेल्या. आज सकाळी नाल्याकडून कुजत्या अंबाडीचा वास आला, आणि मला कळलं की त्या चार ओळींत निम्मंसुद्धा मावलं नव्हतं.

हा वास ज्याला माहीत नाही त्याला सांगणं अवघड आहे. दसऱ्यानंतर अंबाडी कापतात, पेंढ्या बांधतात, नाल्याच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवतात. पाणी हळूहळू काळं पडतं. मग एका सकाळी हवा पालटते आणि तो वास चढत चढत वर येतो, शेवाळाचा, चिखलाचा, काहीतरी मेल्याचा. बाजारपेठेतले लोक नाकाला धोतर लावून पूल ओलांडतात. आमच्या मातंग वस्तीत मात्र त्या वासाने पोरं उड्या मारायची. आता बाया गुडघाभर पाण्यात उभ्या राहणार, काडीवरून साल सोलून काढणार, पांढऱ्याशुभ्र सनकाड्या एकीकडे आणि ओला वाख दुसरीकडे. वाख कुंपणावर वाळत पडला की सगळ्या वस्तीने केस धुऊन पाठीवर मोकळे सोडल्यासारखं दिसायचं. पाच-सहा दिवसांत तो वाळणार आणि घराघरासमोर दोर वळायला सुरुवात होणार.

बैलाची वेसण आमच्या हातची. कासरा आमच्या हातचा. पाळणा ज्याला टांगतात ती दोरीही आमचीच. विहिरीत पोहरा सोडायचा दोरसुद्धा आमचाच, विहीर तेवढी आमची नव्हे. अस्पृश्यता पाळू नये असा कायदा झालेला आहे, मला माहीत आहे, मी तो वाचला आहे. कागदावर आपण मध्य प्रदेशातून मुंबई राज्यातसुद्धा गेलो. पण कायदा अजून कुठल्यातरी फाट्यावर मोटारीची वाट बघत बसलेला असावा, आमच्या विहिरीपर्यंत आलेला नाही.

मामी नवे दोर वळायची, पण तिचं खरं काम जुन्यांचं. बाजाराच्या टोकाला एक लिंबाचं झाड आहे. त्याच्या बुंध्याला पाठ टेकून ती बसायची. पुढे पाण्याची घागर, एरंडीच्या तेलाची वाटी, एक लाकडी मोगरी आणि बकऱ्याच्या शिंगाचं टोकदार टोक. गाड्यांवर, लॉऱ्यांवर कापसाचे बोरे, म्हणजे ठासून भरलेली मोठी पोती, आवळून बांधायचे मनगटाएवढे दोर तिच्याकडे यायचे. लोखंडी आकड्याला घासून घासून त्यांची साल निघालेली असायची. काही उन्हाने कडक झालेले, काही मोटारीच्या तेलाने काळे झालेले. मामी दोर मांडीवर घ्यायची, उलटा पीळ देऊन पेड उघडायची आणि आत बघायची. वरून कितीही केस निघालेले असोत, तिला त्याचं काही नसे. आतून भुकटी सांडली तर मात्र दोर बाजूला.

"हा गेला. बाजेले घ्या, कपडे वाळू घाला, पन माल नोको बांधू याच्यानं."

"अवं बाई, अजून एक हंगाम निंगन," गाडीवान म्हणायचा.

"दोराचा निंगन. तुहा निंगन का?"

जो वाचण्यासारखा असे त्याचा सडका तुकडा ती कापून टाकायची. मग दोन्ही टोकांचे तीन-तीन पेड मोकळे करून समोरासमोर ठेवायची, शिंगाने वाट करून याचा पेड त्याच्या खाली, त्याचा याच्या खाली, असे घट्ट विणत न्यायची. पाणी मारायची, मोगरीने ठोकायची. गाठ कधी मारायची नाही. गाठीपाशीच दोर कापला जातो म्हणायची. शेवटी जोडापाशी लाल चिंधी बांधायची, लुगड्याच्या नाहीतर फेट्याच्या जुन्या कापडाची. आमच्या भागातल्या गाडीवानांना त्या चिंधीचा अर्थ सांगावा लागत नसे. इथे जोड आहे. हा भाग बोऱ्यांच्या सपाट पाठीवर ठेवा, आकड्यावर आणू नका, कडेवर वळवू नका. सरळ ओढीला जोड दम धरतो, लोखंडावर मुरडला की पेड सरकतात. मामीची आई हेच करायची, तिची आईही. कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण रिठदपासून मंगरूळपर्यंत भरल्या गाडीवर लाल चिंधी दिसली की दोर आवळणारा माणूस हात जपून लावायचा.

किसनमामा दुपारी ओझी उतरवून लिंबाखाली यायचा. डोक्यावर पोत्याची खोळ, भुवयांवर कापसाची लव. आल्या आल्या मामीला डिवचायचा.

"पाह्य, कसा मांडीवर घेऊन बसली! माह्या पाठीले कधी तेल लावलं का एवढं?"

"तुमची पाठ दोराएवढी कामाची असती तर लावलं असतं."

"अन माहे पेड ढिले झाले म्हंजे?"

"मंग चिंधी बांधून देईन. जपून वापरा म्हनून."

शेजारचे हमाल हसायचे. मामा सगळ्यात मोठ्याने हसायचा, मग तिच्याच घागरीतलं पाणी पिऊन, तिच्या डबीतली तंबाखू चोरून पुन्हा ओझ्याखाली जायचा. मी तिथेच माझी पत्रकं घडी करत बसलेला असे. मला वाटायचं, ही दोघं कामाचं बोलून वेळ घालवतात. ते प्रेम होतं हे मला मामा गेल्यावर कळलं. पण त्याबद्दल अधिक लिहायला गेलो तर मामी ओरडेल.

आता फाटकाचं. गेल्या हंगामाच्या सुरुवातीला त्या जिनाच्या फाटकावर पाटी लागली: जोडाच्या दोराने बांधलेला माल आत घेतला जाणार नाही. ऐकायला किती चांगलं! कोणीही म्हणेल, माणसांच्या जिवासाठीच आहे. मीही प्रथम तसंच म्हणालो. पण नवा दोर देणार कोण, ते पाटीवर नव्हतं. मालकांनी दिला नाही, लॉरीवाल्यांनी घेतला नाही. दोर तेच राहिले, जोड तेच राहिले. जिनाचा मुकादम फाटकात उभा राहून लाल चिंधी शोधायचा. दिसली की लॉरी परत. लॉरी परत म्हणजे त्या लॉरीवरच्या हमालांचा दिवस पाण्यात. मग व्हायचं ते झालं. फाटकाच्या अलीकडे, रस्त्याच्या वळणावर, लोक चिंध्या काढू लागले. वळणावरच्या बाभळीच्या काट्यांना लाल तुकडे लटकलेले असायचे. परका माणूस बघून विचारायचा, इथे कोणता देव आहे?

मामीला हे ठाऊक होतं. ती संतापायची. "अरे, आंधया मानसाची काठी काढून घेतली अन म्हनते आता नीट चाल!" तिने चिंध्या बांधणं सोडलं नाही, उलट दुहेरी बांधू लागली. पाटी काढा म्हणून आम्ही मालकांकडे गेलो, तर ते म्हणाले, पाटी सुरक्षेसाठी आहे. सुरक्षा! हा शब्द मी त्यानंतर एकाही पत्रकात वापरलेला नाही.

भोगीच्या दिवशी मी अकोल्याला होतो, छापखान्यात. म्हणून हे मी पाहिलेलं नाही. मामीने सांगितलं, हमालांनी आणि लॉरीच्या ड्रायव्हरनेही सांगितलं, पण त्यांनी चारचौघांत नाही. घराघरांत तिळाच्या भाकरी थापल्या जात होत्या. मामीने मिसळीची भाजी करून मामाचा डबा लिंबाखाली आणून ठेवला होता. रिठदकडून लॉरी आली, बोऱ्यांनी छतापर्यंत भरलेली. कच्च्या रस्त्याने बोरे दबले होते, दोर ढिले पडले होते. वळणावर लॉरी थांबली; तिच्यावरच्या हमालांत मामा होता. एका दोरावर मामीची चिंधी होती. मामा वर चढला, त्याने चिंधी सोडून खिशात घातली. बाभळीवर फेकली नाही, खिशात घातली, कारण ती मामीच्या लुगड्याची होती. मग पलीकडच्या बाजूने दोघांनी ढिला दोर ओढून आवळला. दोर सरकला. जोड कुठे गेला ते कोणाला दिसलं नाही. दिसायचं ज्याच्यामुळे, ते मामाच्या खिशात होतं.

फाटकात मुकादमाने पाहिलं, चिंधी नव्हती. आत घ्या म्हणाला. फाटकाच्या उंबऱ्यावर लॉरीने धक्का घेतला आणि दोर तुटला. वरची ओळ खाली आली. मामा लॉरीच्या कडेने चालत होता, बोऱ्याला हात लावून, बैलाच्या पाठीवर हात ठेवून चालावं तसा.

कापूस मऊ असतो असं आपण समजतो. गादीत, उशीत, वातीत. दाबून भरलेला बोरा उंचावरून अंगावर येतो तेव्हा तो कापूस नसतो.

लिंबाचं झाड फाटकापासून हाकेच्या अंतरावर. मामी उठून धावली. तिचा हात तेव्हा एरंडीच्या तेलाने माखलेला होता. मामाच्या चेहऱ्यावरची माती पुसायला गेली आणि माती अजून पसरली. हे तिने मला नंतर कितीदा सांगितलं असेल. मरणाबद्दल ती बोलत नाही, तेलाच्या हाताबद्दल बोलते.

यापुढे जे घडलं ते आमच्याच लोकांनी केलं, म्हणून ते लिहिताना माझी लेखणी अडते. पण मुकादमाबद्दल लिहिताना अडली नाही, तर इथेही अडून चालणार नाही. आमच्या वस्तीत एक चाल आहे. ज्या दोराने माणूस गेला, फासाने म्हणा, विहिरीत म्हणा, मालाखाली म्हणा, तो दोर घरात ठेवायचा नाही. माणसाला मातीला नेण्याआधी वस्तीच्या कडेला सनकाड्यांचा जाळ करायचा आणि दोर त्यात टाकायचा. घरच्याच माणसाने टाकायचा, तोंड फिरवून. त्याच्याकडे पाहायचं नाही. पाहिलं तर दोर दुसरा माणूस मागतो म्हणतात.

म्हाताऱ्यांनी लॉरीवरून दोर सोडवून आणला. दोन्ही तुकडे. सनकाड्या पेटल्या. त्या पेटतात तेव्हा कशा तडतडतात, हिवाळ्याच्या सकाळी शेकताना किती गोड वाटतो तो आवाज! ज्या काड्यांवरून वाख सोलायचा, त्याच काड्यांवर दोर ठेवला. मामीने तो टाकला. तोंड फिरवून टाकला.

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, मी अकोल्याहून आलो तेव्हा वस्तीच्या कडेला राखेची एक वेटोळी रेघ होती. अंबाडीचा दोर जळतो तेव्हा त्याचा पीळ राखेतही राहतो. बोट लावलं तर मोडला. मी असतो तर जाळू दिला नसता, असं म्हणायला मला आवडेल. पण मी त्याच वस्तीतला आहे. मीही तोंड फिरवून उभा राहिलो असतो.

पुढच्या बाजारी मुकादम चारचौघांत म्हणाला, "आमी सांगतच व्हतो! जोडाच्या दोरानं मानूस खाल्ला." बस, एवढंच वाक्य. मामीच्या बाजूने दाखवायला काही उरलं नव्हतं. दोर नव्हता. चिंधी होती, मामाच्या सदऱ्याच्या खिशात सापडलेली, पण ती दाखवली असती तर लोक म्हणाले असते, म्हणजे किसननेच काढली की. मामीने ती दाखवली नाही. नवऱ्याच्या नावाला डाग नको म्हणून तिने सगळा डाग स्वतःच्या हातांवर घेतला. बाया पाठीमागे बोलू लागल्या, हिच्या हातानं हिचंच कुंकू गेलं. वर्षानुवर्षांचे गाडीवान लिंबासमोरून मान खाली घालून जाऊ लागले. महिन्याभरात त्या बुंध्याशी पानठेला उभा राहिला. ठेलेवाल्याचं काही चुकलं नाही. जागा रिकामी दिसली, त्याने घेतली.

आता पुन्हा तोच हंगाम आहे. वेचणी सुरू झाली, पांढरी शेतं, पहाटे धुकं, रस्त्याच्या दोन्ही कडांच्या झुडपांना कापसाचे पुंजके. फाटकावरची पाटी जागच्या जागी आहे, यंदा तिला नवा रंग दिला आहे. काल मी वळणावर बराच वेळ उभा राहिलो. भरलेल्या लॉऱ्या जात होत्या. बाभळीवर एकही लाल तुकडा नव्हता. कारण चिंधी बांधणारंच कोणी उरलेलं नाही. दोर तुटला की आता ड्रायव्हर गाठ मारतात आणि निघतात.

आज तो वास आला तसा मी नाल्यावर गेलो. मामी पाण्यात उभी राहून अंबाडी सोलत होती. ती आता बाजेची सुतळी वळते, पाळण्याची दोरी वळते. माल बांधायचा दोर हातात घेत नाही. मी काठावर बसलो.

"काहून आला? वास घ्याले?"

"मामी, एक विचारू का? चिंधीचं लेहू का?"

हात थांबला नाही. एक पूर्ण काडी सोलून झाली, पांढरी काडी बाजूला पडली, मग म्हणाली, "त्याले चोर नोको करू, बाबू. थो तर मेला."

"मी काहून चोर करीन? चिंधी मामानं काढली, पन काढाले लावली कोनं?"

"हे तुह्या पत्रकातलं बोलनं हाय."

"पत्रकातलं हाय म्हून खोटं हाय का?"

ती थोडी हसली. वर्षात पहिल्यांदा पाहिलं मी. "तुहा मामा असता तर म्हनला असता, या पोट्ट्याले वकील करा, नाई तर हा आपल्यालेच कोर्टात नेईन." मग हसणं गेलं. "लेह्य. मी म्हनलं म्हून लेह्य. लोकं मले काई म्हनोत, त्याचं मले आता काई वाटत नाई. पन मले एकच गोष्ट पाह्यची व्हती रे."

"काय?"

तिने हातातला वाख पाण्यावर धरला. दोन मुठींत पकडून ओढला, सोडवला, टोकं माझ्याकडे केली. "शेंडे. दोराचे शेंडे पाह्यचे व्हते. माहा जोड सुटला असन, तर शेंडे असे निंगतीन, लांब, इंचरलेल्या केसावानी. अन दोर दुसऱ्या जागी सडून तुटला असन, तर आखूड, उंदरानं कुरतडल्यावानी. डोया उघडून एकडाव पाह्यलं असतं तर मले कळलं असतं. माह्या हातानं थो गेला का नाई, एवढंच. दोर माह्या हातात व्हता, बाबू. मीनंच तोंड फिरवलं."

मग ती पुन्हा सोलू लागली. पाणी काळं होतं, तिचे हात कोपरापर्यंत काळे होते. बोलण्यासारखं माझ्याकडे एकच होतं, की मामी, तुझा जोड सुटला नसेल. पण मला ते माहीत नाही. आता ते कोणालाच कधी माहीत होणार नाही. मुकादमाने तिच्यावर ठपका ठेवला तो मी कधी ना कधी पुसून काढीन, पाटी उतरवीन, लिंबाखालची जागा परत मिळवीन, यासाठी मला हातपाय आहेत आणि संघटना आहे. पण ती स्वतःशी जे विचारते त्याचं उत्तर सनकाड्यांच्या जाळात गेलं, आणि तिथून ते काढून आणणारी संघटना अजून निघालेली नाही.

म्हणून आता तुम्हाला सांगतो. तुम्ही गाडीवान असा, हमाल असा, लॉरीवाले असा, नाहीतर वस्तीतले चार शब्द ज्यांचे ऐकले जातात असे म्हातारे असा. फाटकाचं माझ्यावर सोडा. तुमच्याकडे माझी एकच मागणी आहे. पुढच्या वेळी दोर तुटून माणूस गेला, आणि या हंगामात तो जाणार आहे, कारण दोर तसेच आहेत, तर तो दोर जाळू नका. तोंड फिरवू नका. दोन्ही तुकडे हातात घ्या, उजेडात धरा, शेंडे लांब आहेत की आखूड ते बघा, आणि घरच्या माणसाला दाखवा. मग तो घरात ठेवायची भीती वाटत असेल तर शेलूबाजारला माझ्या घरी आणून द्या. दोराने दुसरा माणूस मागितलाच, तर तो माझ्याकडे मागेल.